पंपावर ‘ऑइल कमी आहे’ म्हणाले म्हणून एक लिटरचा डबा घेतला, पूर्ण ओतू का?

नका ओतू. डबा डिकीत राहू द्या आणि उद्या सकाळी स्वतः डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा.

इंजिन गरम असताना बघायचं की थंड, आणि दुसऱ्या कंपनीचं ऑइल चालतं का, हेही तुम्ही विचारलंय. सांगतो. पण आधी तो पंपावरचा पोरगा, कारण हाच प्रकार आमच्या साडूंसोबत झालाय आणि त्यावरून आमचं अजून वाजते.

मे महिना, नागपूरहून अमरावतीला साखरपुड्याला निघालो, गाडी साडूंची. कोंढाळीच्या पुढे पेट्रोलला थांबलो. पोरगा म्हणाला, “साहेब, ऑइल पाहून देऊ का?” साडूंनी लगेच बोनेट उघडलं. इंजिन बंद करून मिनिटभरही झालं नव्हतं, म्हणजे बरंच ऑइल अजून वरच होतं, खाली उतरायचं होतं. गाडी उतारावर उभी. पोरानं डिपस्टिक पुसली, आत घातली, काढून दाखवली, तर टोकाला जेमतेम ओल. मी शेजारीच उभा होतो. डिपस्टिकची पिवळी कडी नळीला टेकलीच नव्हती, चांगली दोन बोटं वर राहिली होती. मी म्हटलं, “साडूभाऊ, पूर्ण आत जाऊ द्या, दहा मिनिटं थांबा, मग पाहू.” तर म्हणतात, “काहो, थोडं जास्त पडलं तं बिघडते काय? इंजिनाला ऑइल म्हणजे गाईला ढेप!” आणि नवा कोरा लिटरचा डबा गटगट ओतला.

तळेगाव गेल्यावर मागच्या गाडीवाला हॉर्न देऊन राहिला. सायलेन्सरमधून निळसर धूर. अमरावतीत मिस्त्रीनं एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत ऑइल साचलेलं. ऑइलची पातळी फार वर गेली की फिरता क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगपर्यंत नीट दाबानं पोचत नाही. आतला दाब वाढला की तेच ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरकडे फेकलं जातं, सीलही गळू लागतात. त्यानं खालचा बोल्ट सैल करून जवळपास तेवढंच ऑइल काढलं. मग डिपस्टिकवर ते कमीत कमी आणि जास्तीत जास्तच्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये आलं. म्हणजे मुळात कमी नव्हतंच! साडू मात्र आजही सांगतात की गाडीच कंपनीतून कमजोर निघाली.

आता तुमचं. गाडी सपाट जागेवर लावा, चढणीच्या गेटवर नको. इंजिन चालून बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, किंवा सरळ सकाळी थंड इंजिनावर बघा. बहुतेक गाड्यांना दोन्ही चालतं. जुन्या बनियनच्या चिंधीनं डिपस्टिक पुसा, कडी टेकेपर्यंत घाला, काढा, दोन्ही बाजू बघा. एका बाजूला वर, एका बाजूला खाली दिसलं तर खालची खरी धरा. मधे असेल तर काहीच टाकू नका. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर पाव लिटर टाका, पाच मिनिटं थांबा, परत बघा. दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत लिटरभराच्या आसपासच अंतर असतं, म्हणून पूर्ण डबा क्वचितच लागतो. काठोकाठ भरायची हौस असेल तर पाण्याचा माठ भरा.

साडूंचं दुसरं म्हणणं, की नागपूरच्या ४५ डिग्रीत पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइलच टाकावं. बाहेर ४५ असो की १५, चालत्या इंजिनात ऑइल नव्वद-शंभर डिग्रीच्या आसपास जातंच. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलमधला तो ३० म्हणजे जाडपणाचा आकडा, तो शंभर डिग्रीवरच मोजतात. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड लिहिलाय तोच टाका. गरम हवेसाठी वेगळा ग्रेड दिला असेल तर तोही पुस्तिकेतच असतो, साडूंच्या डोक्यात नाही.

ग्रेड आणि दर्जा तोच असेल तर टॉप-अपला दुसऱ्या कंपनीचं ऑइल चालतं.

आणि हो, हे सगळं लिहिलं ते साध्या पेट्रोल गाडीचं. डीपीएफवाल्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या, नव्या डिझेल गाडीत ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर त्यात डिझेल मिसळत असू शकतं, तेव्हा वर्कशॉप गाठा. डिझेलचं ऑइल मात्र लवकर काळं पडतं, त्याला घाबरू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळल्याची शंका. आणि मीटरवर तेलाच्या झारीसारखा लाल दिवा लागला तर तो ऑइलच्या दाबाचा आहे, घरी जाऊन बघू म्हणू नका. तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.