एकच ओळ पंधरा मिनिटे का ऐकावी?

प्रश्न : मला शास्त्रीय संगीत ऐकण्याची सवय आहे. मुलीने अमेरिकन जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांचा ‘हेड हंटर्स’ हा अल्बम ऐकवला. त्यातील ‘कमीलिअन’ या रचनेत पंधरा मिनिटे एकच ओळ घोळवली आहे, असे वाटले. जाणकार यात काय ऐकतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ओळ एकच आहे हे आपण बरोबर टिपलेत, परंतु तीच मुख्य चाल आहे असे धरून आपण ऐकले असावे. स्वतंत्र तबलावादनात पेटीवर लेहरा, म्हणजे पुन:पुन्हा वाजणारी एकच धून, चालू असतो, तेव्हा लेहऱ्यात वैविध्य नाही अशी तक्रार आपण करत नाही. तबलजी त्या आवर्तनात काय भरतो आणि समेवर कसा येतो, याकडे कान लावतो. हॅनकॉक यांनी सिंथेसायझरवर वाजवलेल्या या खर्जातील ओळीचे काम तेच आहे. ती आधी एकटी येते, मग हार्वी मेसन यांचे ड्रम्स आणि पाठोपाठ क्लॅव्हिनेट या विजेवर चालणाऱ्या कळवाद्याचे तुटक, खरखरीत आघात येतात. फंक या ठेकाप्रधान अमेरिकन संगीतात हे काम सहसा गिटारकडे असते. या अल्बमवर गिटारवादकच नाही. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पाच वादकांच्या संचात अत्यंत गुंतागुंतीचा पियानो वाजवलेल्या कलावंताने १९७३ मध्ये दोनच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर) इतका वेळ रमावे, हे जॅझच्या सोवळ्या रसिकांना रुचले नाही. माझ्या मते त्यांचा कान सुरांच्या गुंतागुंतीत अडकला होता आणि ती येथे लयीत उतरली आहे. रचनेच्या मध्यावर लय पालटते, हॅनकॉक इलेक्ट्रिक पियानोकडे वळतात आणि तेथे त्यांच्यातला जॅझवादक पुरता मोकळा होतो. आपण अधीर झाला असाल तर तो भाग आधी ऐकावा.

याच अल्बममधील ‘वॉटरमेलन मॅन’च्या आरंभी तालवादक बिल समर्स बाटलीत फुंकर मारतात. मध्य आफ्रिकेतील बाबेन्झेले लोक एकसुरी पाव्यातील फुंकर आणि स्वतःचा आवाज आलटून पालटून गुंफतात. ती ही रीत. हीच धून हॅनकॉक यांनी १९६२ मध्ये फ्रेडी हबर्ड यांच्या ट्रम्पेटसह आणि डेक्स्टर गॉर्डन यांच्या सॅक्सोफोनसह ध्वनिमुद्रित केली होती. ते रूप आधी ऐकून मग १९७३ चे लावावे. ओळखीची चाल नव्या रूपात किती उशिरा अवतरते आणि तोवर लयीने किती जागा अडवलेली असते, हे चटकन ध्यानात येईल.