गिटार विकून मिडी कीबोर्ड घ्यावा का?

प्रश्न: माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. सहावीपासून गिटारच्या क्लासला जातो, ट्रिनिटीच्या पाच ग्रेड झाल्या आहेत. दिवाळीपासून क्लास जवळजवळ सुटलाय. रात्री लॅपटॉपवर जुन्या गाण्यांचे तुकडे कापून बीट बनवत बसतो. म्हणतो, ‘आता गिटार कुणाला लागते? गिटारची मोठी कंपनीसुद्धा बुडाली.’ गिटार विकून त्याला मिडी कीबोर्ड घ्यायचाय. त्याचे सर म्हणतात, ही दोन वर्षांची फॅशन आहे. मिस्टर म्हणतात, दोन्ही बंद आणि सीईटीचा अभ्यास. कुणाचं ऐकावं? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी त्या कंपनीचं बघू. 2018 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या गिब्सनने दिवाळखोरीचा अर्ज केला होता, एवढं खरं. पण तो गिटार खपेनाशा झाल्या म्हणून नव्हे. 2014 मध्ये त्यांनी फिलिप्सचा ऑडिओचा धंदा विकत घेतला, स्पीकर-हेडफोनच्या मागे लागले आणि कर्जात रुतले. त्याच वर्षअखेर कंपनी सावरली ती इलेक्ट्रॉनिक्सचा पसारा टाकून आणि गिटार ठेवून. 2020 मध्ये, लॉकडाउनच्या वर्षी, गिटारच बनवणाऱ्या फेंडर कंपनीची विक्री तोवरची सर्वांत जास्त झाली. तेव्हा चिरंजीवांचा हा पुरावा बाद.

सरांचं म्हणणंही टिकत नाही. रोलंड कंपनीचं 808 हे ड्रम मशीन 1980 चं, मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची भाषा) 1983 चं, अकाईचं पहिलं एमपीसी सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले तुकडे कापून वाजवणारं यंत्र) 1988 चं. ही ‘फॅशन’ तुमच्या मुलाच्या दुपटीहून मोठ्या वयाची आहे.

मग गेलं काय? ते मुंबईत नीट दिसतं. एके काळी हिंदी सिनेमाचं गाणं ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत वादकांचा मोठा ताफा एकत्र बसवून रेकॉर्ड व्हायचं. ताफ्यात ऱ्हिदम गिटारवाला ठरलेला. गाणं चालो की पडो, सेशनचे पैसे हातात. भूपिंदर सिंग आपल्याला गायक म्हणून ठाऊक, पण ‘दम मारो दम’ची गिटार त्यांच्या हातची. नव्वदच्या दशकात कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग आलं आणि त्या खुर्च्या एकेक करून उठल्या. गाण्यातली गिटार राहिली, रोजंदारीवर गिटार वाजवणाऱ्याचं काम आटलं. ज्या नोकरीच्या भरवशावर सर त्याला ग्रेडमागून ग्रेड द्यायला लावताहेत, ती नोकरी आज जवळपास नाही, हे त्यांच्यासमोरही बोलायला हवं.

त्याच मुंबईतल्या चरणजित सिंग यांची गोष्ट मुलाला जरूर सांगा. आर. डी. बर्मन यांच्यासारख्यांच्या सेशनला गिटार आणि बेस वाजवणारा माणूस. 1982 मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं जोडून दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. त्या तिन्हींतलं 303 हे यंत्र मुळात बेस गिटारऐवजी वापरायला बनवलं होतं. सोबतीला बेसवाला नसला, तर एकट्या गिटारवाल्याने ते लावून वाजवावं, अशी कल्पना. त्या कामात ते साफ नापास झालं, कारण त्याचा आवाज बेससारखा मुळी नव्हताच. 1984 मध्ये कंपनीने ते बनवणंही बंद केलं. पुढे शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड, स्वस्तात मिळालेल्या 303 ची बटणं पिरगाळून वेगळंच संगीत काढलं, आणि 2010 मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड नव्याने निघाली तेव्हा लोक चाट पडले, की हे तर मुंबईत आधीच होऊन गेलंय. ते यंत्र चालवणारा हात तारा छेडून तयार झालेला होता. तुमच्या मुलाचा हातही तसा तयार होतोय, म्हणून गिटार विकू देऊ नका.

आता सॅम्पलिंगकडे येते, कारण पैशांचा खरा प्रश्न तिथे आहे. 1983 चं पोलीस या बँडचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ त्याला वाजवायला सांगा. पाचेक फ्रेटांवर बोटं ताणून, तळहात तारांवर टेकवून एकेक सूर सुटा वाजवावा लागतो. दोन मिनिटांत करंगळी बोंबलते. ती गिटार बँडच्या अँडी समर्सने रचली आणि वाजवली. 1997 मध्ये पफ डॅडी या रॅपरने तोच तुकडा उचलून गाणं केलं आणि ते अमेरिकेत अकरा आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. पण मूळ गाण्याचा रचनाकार म्हणून कागदावर नाव एकट्या स्टिंगचं, म्हणजे बँडच्या गायकाचं, त्यामुळे रचनेची रॉयल्टी त्याच्याकडे गेली. 2025 मध्ये समर्स आणि ड्रमर कोपलंड यांनी रॉयल्टीवरून स्टिंगविरुद्ध लंडनच्या कोर्टात दावा लावला. आता दुसरं उदाहरण, तेही स्टिंगचंच. 1993 च्या ‘शेप ऑफ माय हार्ट’ची गिटार डॉमिनिक मिलरची, आणि तिथे रचनाकार म्हणून मिलरचंही नाव आहे. 2018 मध्ये रॅपर ज्यूस वर्ल्डचं ‘ल्युसिड ड्रीम्स’ त्या गिटारवर उभं राहिलं आणि अमेरिकेत दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. दोघेही गिटारवाले, दोघांचंही वाजवणं नव्या पिढीने उचललं. फरक पडला तो एका ओळीच्या लिखापढीने. करिअरचा सल्ला विचारलात म्हणून सांगते, स्केल पाठ करण्याइतकंच हे मुलाला कळायला हवं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने राखलाय, पण सेशनला वाजवणारा संगीतकारात मोजला जात नाही.

आणि उलट बाजू: तो जुन्या गाण्यांचे तुकडे कापतोय, ते सरावापुरतं ठीक. नेटवर टाकायचं तर दोन परवानग्या लागतात, एक रेकॉर्डिंगची (म्हणजे बहुधा म्युझिक कंपनीची) आणि दुसरी चालीची. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षं चालतो, चालीचा संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. ‘चारच सेकंद घेतले’ हा बचाव धरून चालू नये. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका गाण्यात लताबाईंच्या आवाजातलं ‘थोडा रेशम लगता है’ न विचारता वापरलं गेलं. बप्पी लाहिरी कोर्टात गेले, आणि त्यांना श्रेय दिल्याशिवाय विक्री करायची नाही, असा हुकूम झाला. ज्याच्याकडे स्वतःची गिटार आणि ती वाजवणारा हात आहे, त्याने दुसऱ्याचा तुकडा कापत का बसावं? त्याला सांगा, स्वतः आठ बार (तालाची आठ आवर्तनं) वाजव, ते काप, उलटं कर, पिच उतरव. तो माल पूर्ण त्याचा.

त्यासाठी मिडी कीबोर्ड आधी नको, ऑडिओ इंटरफेस घ्या. गिटारची केबल एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला जोडणारी ही छोटी पेटी पाच ते पंधरा हजारांत येते. सॉफ्टवेअरवर सध्या खर्च नको. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरून बघता येतं. क्लास महिन्यातून दोनदा करून घ्या, आणि सरांना विनंती करा की क्लिक (लयीची टिकटिक) लावून, हेडफोन घालून वाजवायचा सराव घ्या. क्लिकवर पक्का बसणारा गिटारवाला आज घरी रेकॉर्ड करून दुसऱ्या गावच्या संगीतकाराला फाइल पाठवू शकतो. तेही काम तुरळकच, पण हल्ली ते असंच येतं. बाकी नियमित पैसा शिकवण्यात आणि लग्न-कॉर्पोरेटच्या लाइव्ह कार्यक्रमांत आहे. ऐकायला ग्लॅमर नसेल, पण घरभाडं त्यातून निघतं.

मिस्टरांना सांगा, सीईटी द्यायचीच आहे. पुण्याच्या एफटीआयआयचा साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा कोर्स पदवीनंतरचा आहे आणि त्याला बारावीचं फिजिक्स कामाला येतं. त्या वर्षीची पात्रता माहितीपत्रकात तपासून घ्या. म्हणजे फिजिक्सचं पुस्तक आणि गिटार एकाच टेबलावर राहू शकतात. पदवी शक्यतो पुण्यात किंवा मुंबईत करू द्या, बँड आणि कामं दोन्ही तिथे जमतात. सीईटी होईपर्यंत लॅपटॉप रात्री दहाला बंद, हा नियम मात्र तुम्हीच घाला. वडिलांनी घातला तर भांडण होईल.