शिबिर झालं, पुढं काय?

प्रश्न : गावात तपासणी शिबिर झालं, अनेकांचा बीपी आणि शुगर जास्त निघाली. वर्ष उलटलं तरी पुढं काहीच नाही. ग्रामपंचायत, शाळा, उपकेंद्र यांची मोट कशी बांधावी? – एक सरपंच

उत्तर : दुसरं शिबिर घेऊ नका. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना जुन्या यादीतल्या सगळ्यांचा बीपी पुन्हा मोजायला सांगा. आधी पाच मिनिटं बसवायचं, अर्धा तास चहा-तंबाखू बंद, आणि माप दोनदा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, तर आकडा उगाच जास्त दिसतो. म्हणून मोठा पट्टा हवाच. तो ग्रामपंचायतीनं घेऊन द्यायला हरकत नाही.

निदान पक्कं झालं की प्रत्येक नावापुढं एका आशाताईचं नाव लिहा. गाडी अडते ती इथंच. 'किती तपासले' हे सगळे मोजतात, 'किती जण औषधाला आले' हे कुणी मोजत नाही. ग्राम आरोग्य समितीच्या मासिक बैठकीत दोनच आकडे मागा : या महिन्यात औषध नेणारे किती आणि बीपी १४०/९० च्या खाली आलेले किती. नावं मात्र बैठकीत वाचायची नाहीत. तसं झालं, तर पुढच्या वेळी लोक तपासणीलाच येणार नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी वेगळी ठेवा. टोळी निघण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून जास्त दिवसांच्या गोळ्या आणि उपचाराची नोंद असलेलं कार्ड द्या. नाहीतर उपचार थेट उन्हाळ्यात पुन्हा सुरू होतो.

राहिली शाळा. तिच्यापासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. अंतर टेपनं मोजून पंचनामा करा. दंड जेमतेम दोनशे रुपयांपर्यंतच, त्यामुळे नुसत्या दंडानं टपरी हलत नाही. जागा ग्रामपंचायतीची असेल, तर भाडेकरारातच अट घाला. ती जास्त चालते. गुटख्याला अंतराचा प्रश्नच नाही, राज्यात त्यावर २०१२ पासून बंदी आहे.

प्रश्न : स्वयंपाकात मीठ किती? – एक बचत गट

उत्तर : मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं. घरात वेगवेगळे अंदाज चालतात, म्हणून महिन्याला मिठाचा पुडा किती लागतो ते लिहून ठेवा आणि खाणाऱ्या माणसांच्या संख्येनं आणि महिन्याच्या दिवसांनी भागा.