हॉफ बीजगणितांचे निर्देशांक : आधी आठ घटकांचे दोन गट हाताने करा

तुम्ही हॉफ बीजगणितांचा (गटांच्या कल्पनेचा विस्तार करणाऱ्या बीजगणितीय रचनांचा) अभ्यास थेट उच्च फ्रोबेनियस-शूर निर्देशांकांपासून (वर्गाऐवजी वरचे घात घेऊन काढलेल्या संख्यांपासून) सुरू करताय, म्हणून सांगतो, जरा थांबा. आधी चौरसाच्या सममितींचा गट आणि क्वाटर्नियन गट घ्या. दोघांचे कॅरॅक्टर टेबल (गटाच्या मूलभूत मॅट्रिक्स-रूपांचे ट्रेस, म्हणजे कर्णावरील बेरजा, मांडणारा तक्ता) अगदी सारखे, त्यामुळे फक्त ते पाहून फरक कळत नाही. आता द्विमितीय कॅरॅक्टर χ (२×२ मॅट्रिक्स-रूपाचा ट्रेस) साठी गटातील सर्व g घेऊन χ(g²) ची सरासरी काढा; हाच फ्रोबेनियस-शूर निर्देशांक. क्वाटर्नियनमध्ये दोन घटकांचा वर्ग १ आणि सहांचा −१, आणि χ(१)=२, χ(−१)=−२, म्हणून (४−१२)/८ = −१. चौरसाच्या गटात (१२−४)/८ = +१. हा क्षण स्वतः अनुभवाच, मला तो अजूनही सुंदर वाटतो!

अर्धसरल (साध्या तुकड्यांत पूर्ण विभागता येणाऱ्या) हॉफ बीजगणितात g² च्या सरासरीच्या जागी Λ₁Λ₂ येते. Λ म्हणजे ε(Λ)=१ असलेला इंटिग्रल, गटातल्या सर्व घटकांच्या सरासरीसारखा घटक; ε म्हणजे काउनिट, आणि Λ₁, Λ₂ हे Λ च्या कोगुणाकाराचे (Δ(Λ) चे) दोन भाग. लिंचेन्को आणि माँटगोमेरी यांनी २००० मध्ये हे सिद्ध केले. प्रसामान्यीकरण, म्हणजे ε(Λ)=१ ही अट, नीट पाळलेच पाहिजे. इथे बहुतेक जण चुकतात. पडताळणीसाठी अँटिपोडचा (गटात g ला g⁻¹ कडे नेणाऱ्या क्रियेचा) ट्रेस काढा. तो प्रत्येक निर्देशांक गुणिले मिती यांच्या बेरजेइतका यायला हवा: क्वाटर्नियनसाठी ४−२=२, चौरसासाठी ४+२=६.

मग काट्स-पाल्युत्किन यांचे आठ मितींचे बीजगणित हाती घ्या. तिथेही +१ येतो, म्हणजे चौरसाच्या गटापासून फरक कळत नाही, आणि उच्च निर्देशांक का लागतात ते आपोआप उमगते.