ओपनमधल्या मुलाने स्कॉलरशिपच्या भरवशावर छोट्या प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजला ॲडमिशन घ्यावं का?

घ्या की. फक्त सीट कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीत की शाहू महाराज शिष्यवृत्ती विसरा, ॲडमिशनच्या टेबलावरचा माणूस काहीही सांगो.

मी असल्याच एका कॉलेजातून मेकॅनिकल केलं, महाडीबीटी हे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल यायच्या आधी. ईबीसीत, म्हणजे आता शाहू महाराज शिष्यवृत्ती म्हणतात त्या आर्थिक मागासांच्या सवलतीत बसत होतो, म्हणून ट्यूशन फी निम्मीच भरायची, पण काउंटरवरचे साहेब म्हणाले आत्ता पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत देतो. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून भरली. पुढच्या वर्षी पैसे कॉलेजच्या खात्यावर आले आणि मग सुरू झालं, आज अकाउंटंट रजेवर, उद्या सरांची सही राहिली, परवा म्हणे पुढच्या फीत ॲडजस्ट करू, आणि इकडे वडील व्याज भरतायत. शेवटी मी लेखी अर्ज दिला आणि पोच म्हणून आवक नंबर मागितला. तोंडी विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते त्या आवक नंबरने झालं, चेक निघाला.

त्या काळात आमचे एक काका घरी येऊन ऐकवायचे, ऐपत नव्हती तर प्रायव्हेटला घातलं कशाला, सरकारच्या भिकेवर शिकणार का पोरगा. स्वतःच्या मुलाच्या सीटसाठी यांनी बिनपावतीचं डोनेशन मोजलं होतं, जे राज्यात १९८७ च्या कायद्याने बंद आहे. त्याला ऐपत म्हणायचं आणि हक्काच्या सवलतीला भीक! शिष्यवृत्ती घेताना अजिबात लाजू नका, घरात कोण काय बोलतंय ते बोलू दे.

बाकी, आता या शिष्यवृत्तीसाठी घरच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. मुलगी असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षण) किंवा ओबीसीत बसत असेल तर २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मार्क चांगले असतील तर टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेली सीट पण टाका ऑप्शनमध्ये. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजची किती फी मंजूर केलीय ते आधी बघा, वरचं काही मागितलं तर पावती मागा. हां, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस यातलं काही ईबीसीत माफ होत नाही, आणि पैसे यायला उशीर होतोच, तेवढी सोय हाताशी लागते. ओरिजिनल मार्कशीट मात्र तपासून झाली की लगेच परत घ्या, ठेवून घेतो म्हणाले तरी सोडू नका.