'आयर्न शेफ'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या पिकनिकला 'आयर्न शेफ' स्पर्धा ठेवलीय, पत्रक मराठीत काढायचंय, तर 'पाककलेतला लोहपुरुष' चालेल का, आणि मुळात स्वयंपाकाचा नि लोखंडाचा संबंध काय?

लोहपुरुष नको बुवा. तो शब्द सरदार पटेलांच्या नावावर कायमचा बुक झालाय, वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर आधी तेच येणार. आणि 'लोखंडी शेफ' म्हटलंत तर लोकांना वाटेल कढई-तव्याचं प्रदर्शन आहे.

आता लोखंड आलं कुठून ते बघू. 'आयर्न शेफ' हा मुळात जपानच्या फुजी टीव्हीवरचा स्वयंपाकाच्या लढतीचा कार्यक्रम, १९९३ ते १९९९ चालला, नाव 'र्‍योरी नो तेत्सुजिन'. र्‍योरी म्हणजे स्वयंपाक, तेत्सु म्हणजे लोखंड, जिन म्हणजे माणूस. पण हा 'तेत्सुजिन' काही त्यांनी नव्याने घडवलेला नाही. १९५६ पासून तिकडे 'तेत्सुजिन २८' नावाच्या यंत्रमानवाची चित्रकथा गाजत होती, मग हिरोशिमाच्या संघात किनुगासा नावाचा बेसबॉलपटू आला, त्याची जर्सी सुरुवातीला २८ नंबरची म्हणून लोक त्याला तेत्सुजिन म्हणायला लागले, आणि पठ्ठ्याने एकही सामना न चुकवता सलग २२१५ सामने खेळून ते नाव खरं करून दाखवलं. म्हणजे शब्दात धातूपेक्षा चिवटपणा जास्त, कितीही झालं तरी न मोडणारा गडी. शिवाय जपानीत 'तात्सुजिन' म्हणजे एखाद्या कलेत मुरलेला माणूस, दोन्हीत फरक एका स्वराचा, त्यामुळे कानाला तोही अर्थ जवळचा वाटतो. (गंमत म्हणजे कार्यक्रमातल्या फ्रेंच जेवणाच्या पहिल्या आयर्न शेफचं आडनाव इशिनाबे, म्हणजे दगडी भांडं!)

पण खरी मेख कार्यक्रमाच्या रचनेत आहे. मास्टरशेफ पाहून बरेच जण गल्लत करतात, तिथे हौशी लोक येतात आणि एकेक करत गळतात. इथे तसं नाही. इथले आयर्न शेफ आधीच मानाच्या जागी बसलेले, बाहेरचा नामांकित शेफ येऊन त्यांच्यातल्या एकाला आव्हान देणार, मग जरीचे कपडे घातलेला यजमान कागा त्या दिवसाच्या मुख्य जिन्नसावरचं कापड उडवणार आणि दोघांनी तासाभरात त्याच जिन्नसाचे पदार्थ करायचे. कॉमेंट्री तर अशी की मॅच चालूये. त्यात मिचिबा हे जपानी जेवणाचे आयर्न शेफ घड्याळ सुरू झालं तरी शांतपणे ब्रशने मेन्यू लिहीत बसायचे, बघणाऱ्याचा जीव टांगणीला. २००० साली न्यूयॉर्कला सामना झाला तेव्हा बॉबी फ्ले हा अमेरिकन शेफ चक्क कटिंग बोर्डवर चढून शड्डू ठोकल्यासारखा उभा राहिला आणि समोरचे आयर्न शेफ मोरिमोतो भडकले, कारण त्यांच्या लेखी बोर्डला पाय लावणं म्हणजे आपल्याकडे ताटाला पाय लावण्यासारखंच.

अमेरिकेत १९९९ पासून फूड नेटवर्कने हे इंग्रजीत डब करून दाखवलं आणि तिथे नाव झालं 'आयर्न शेफ'. तिथून ते सामान्यनाम झालं, कॉलेज, ऑफिस, चर्च, कुठेही एक जिन्नस ठरवून तासभर रांधायची स्पर्धा लावली की ती आयर्न शेफ. तुमच्या मंडळाची पण त्यातलीच. २००२ मधे 'फ्युचरामा' या कार्टूनने तर एका भागाचं नावच 'तीस टक्के आयर्न शेफ' ठेवलं, कारण त्यातला स्वयंपाकी रोबो आहे आणि त्याच्या अंगात तेवढंच लोखंड! म्हणजे इंग्रजीत शब्द पुन्हा धातूवर आला.

आपल्याकडे या कल्पनेला सगळ्यात जवळचा माणूस भीम. अज्ञातवासात विराटाच्या घरी 'बल्लव' नावाने मुदपाकखाना सांभाळला आणि तिथेच जीमूत नावाच्या मल्लाला आडवा केला. म्हणजे पळी आणि कुस्ती एकाच हाती. वर युद्धानंतर धृतराष्ट्राने मिठीत चुरडला तो पुतळाही लोखंडी भीमाचाच होता, आता बोला!

'बल्लवाचार्य' आपण वापरतो पण त्यात जरा चेष्टा असते, नवऱ्याने रविवारी पोहे केले की म्हणतो तसं. 'लोहबल्लव' डोक्यात आला होता पण तो शाळेच्या निबंधातला वाटतो. मी तरी 'बल्लवकेसरी' म्हणेन. महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी म्हटलं की आखाडा आपोआप येतो, लढत येते, वर केशर फुकट. फक्त टीव्हीवरच्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना 'आयर्न शेफ'च राहू द्या, विशेषनामाचं भाषांतर करत बसू नका. पत्रकावर 'बल्लवकेसरी' मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक 'आयर्न शेफ स्पर्धा' टाका, म्हणजे तिकडे वाढलेल्या पोरांनाही कळेल काय ते. बायका जिंकल्या तरी बल्लवकेसरीच, उगाच 'केसरिणी' वगैरे करू नका.