हाताचा कंप: थायरॉईडचा की मज्जासंस्थेचा?

प्रश्न: मी वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षात आहे. हात थरथरणारा रुग्ण समोर आला की थायरॉईडचे आधिक्य (थायरॉईड संप्रेरक जास्त होणे), पार्किन्सन आणि इसेन्शियल ट्रेमर (हात वापरताना येणारा, बऱ्याचदा आनुवंशिक कंप) यांत माझा गोंधळ उडतो. रक्ताचा अहवाल येण्याआधी, रुग्णाजवळ बसूनच यांतला फरक ओळखता येईल का?

उत्तर: बऱ्याच अंशी येईल. कंप किती मोठा आहे यापेक्षा तो केव्हा दिसतो, याकडे आधी लक्ष द्यावे. रुग्णाचे हात मांडीवर सैल ठेवून त्याला शंभरातून सात-सात वजा करीत मोठ्याने मोजायला सांगा. मन दुसरीकडे गुंतले की पार्किन्सनचा विश्रांतीतील कंप ठळक होतो. त्याचा वेग सेकंदाला साधारण 4 ते 6 आवर्तनांचा असतो, तो बहुधा एका बाजूला सुरू होतो आणि रुग्णाने हात वापरायला घेतला की ओसरतो. तरीही केवळ कंपावरून पार्किन्सनचे निदान करू नये, कारण त्यासाठी हालचालींतील मंदपणा असावाच लागतो, आणि काही रुग्णांत तर कंप मुळीच नसतो. तर्जनी अंगठ्यावर भरभर टेकवताना हालचाल आखूड होत जाते का आणि चालताना एक हात कमी झुलतो का, हे प्रत्येक वेळी तपासावे.

आता रुग्णाला हात समोर ताणून बोटे फाकवायला सांगा व त्यांवर एक कागद ठेवा. थायरॉईडच्या आधिक्यातील कंप बारीक आणि जलद असल्यामुळे डोळ्यांना सहज न दिसणारी थरथर कागदाच्या फडफडीतून कळते. त्यानंतर तळहात आपल्या हातात घ्या. तो उबदार व ओलसर असेल तर थायरॉईडचा संशय बळावतो. चिंताग्रस्त माणसाचा तळहात ओला असला तरी बहुधा थंड असतो. भूक चांगली असूनही वजन घटले आहे का आणि झोपेतही नाडी जलद राहते का, याचीही चौकशी करावी. वृद्धांत मात्र ही लक्षणे लपलेली असतात: कंपाऐवजी मरगळ, घटते वजन आणि अनियमित नाडी एवढेच आढळू शकते.

इसेन्शियल ट्रेमर पेला ओठांशी नेताना किंवा लिहिताना वाढतो, सहसा दोन्ही हातांत असतो आणि कधी मान व आवाजही कापतो. कुटुंबात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हे जरूर विचारा. औषधांची चौकशी तर कधीच चुकवू नये, कारण साल्ब्युटामॉल (दम्याचे), व्हॅल्प्रोएट (फिटचे) व लिथियम (मनोविकाराचे) या औषधांनी कंप येतो आणि मेटोक्लोप्रामाइड या उलटी थांबवणाऱ्या औषधाने पार्किन्सनसारखे चित्र उभे राहते. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर विल्सनच्या आजाराचा (शरीरात तांबे साठण्याचा आजार) विचार झालाच पाहिजे, कारण तो उपचाराने आटोक्यात येणारा आहे आणि निदानाला उशीर झाला तर मेंदूची व यकृताची हानी होते.

अहवालाविषयी एक सावधगिरी सांगतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही चाचण्यांत टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक) खोटे कमी आणि टी4 (थायरॉईडचे संप्रेरक) खोटे जास्त दिसते. रुग्णाची स्थिती आणि अहवाल जुळत नसतील, तर तो कोणत्या गोळ्या घेतो हे पुन्हा विचारावे.

प्रश्न: टीएसएच सामान्य आले म्हणजे थायरॉईडची कमतरता नाही, असे समजावे का?

उत्तर: नाही. दोष थायरॉईडमध्ये नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत असेल तर टी4 कमी असूनही टीएसएच सामान्य मर्यादेत राहू शकते. थकव्यासोबत डोकेदुखी, पाळी बंद होणे किंवा दोन्ही बाजूंची कडेची दृष्टी कमी होणे आढळले, तर टी4 तपासून पिट्युटरीचा एमआरआय करावा. अशा रुग्णाला थायरॉक्सिन (टी4 चे औषध) देण्यापूर्वी कॉर्टिसॉल (अधिवृक्क ग्रंथीचे स्टेरॉइड संप्रेरक) पाहावे आणि ते कमी असल्यास आधी स्टेरॉइड सुरू करावे. हा क्रम उलटला तर कॉर्टिसॉलची तूट उघडी पडते आणि रुग्णाचा रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.